नमिताचा डावा हात

नमिता पहिल्यांदा कोर्टवर आली ती कबड्डीचे बूट घालूनच. राजेश सरांनी शिट्टी वाजवून सगळ्या मुलींना गोळा केलं आणि म्हणाले, "ही नमिता. आजपासून आपल्यात. बास्केटबॉल हिने कधी खेळलेलं नाही. पण स्पोर्ट्स डेला हिची चढाई बघितलीत ना? सगळ्या जणी अंगावर पडल्या होत्या, तरी सुटून आली. ते पाय मला हवेत."

मुली हसल्या. प्रियंकाही हसली. तिला तर उलट बरंच वाटलं. नवशिकी पोरगी आहे, महिनाभर कोपऱ्यात बॉल आपटत बसेल आणि कंटाळून कबड्डीकडे परत जाईल, असा तिचा हिशेब होता. सरांनी नमिताला तिच्याच हवाली केलं. "तू आपली गार्ड आहेस, तूच बेसिक शिकव हिला."

तेव्हा पहिला धडा प्रियंकानेच दिला. बॉल तळव्याने मारायचा नाही, बोटांनी ढकलायचा. नजर बॉलवर नाही, समोर ठेवायची. नमिताने दोन-तीनदा बॉल स्वतःच्याच पायावर मारून घेतला, खो खो हसली, आणि तिच्या कोळी बोलीत म्हणाली, "काय गो हा बॉल! जिवंत म्हावरं बरं, ते तरी हातात राहतं." प्रियंका त्या दिवशी अगदी मनापासून तिला शिकवत होती. पुढे कित्येक वेळा तिला ते आठवायचं आणि स्वतःचाच राग यायचा.

प्रियंका इंगोले जोगेश्वरी पूर्वेची. गुंफांच्या अलीकडे जी वस्ती आहे, तिथलं तिचं घर. वडील खंडू वाशीमकडून तरुणपणी मुंबईत आले आणि अंधेरीच्या एमआयडीसीत लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागले. काचेच्या मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट ते बघायचे. बोलण्यात मात्र वाशीम तसंच राहिलं होतं. आई शकु एका नर्सिंग होममध्ये आया होती. मोठा भाऊ सम्यक शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर मित्रांबरोबर खेळायचा, आणि प्रियंका त्याच्या मागे मागे जायची. पोरं तिला घ्यायची ती बाहेर गेलेला बॉल आणून द्यायला. ती आणून द्यायची, पण सरळ नाही. आधी आपटत आपटत कोर्टला एक चक्कर मारायची, मग द्यायची. पोरं ओरडायची, सम्यक धपाटा घालायचा; पण तो बॉल तिच्या हातातून काढून घेणं पोरांना दिवसेंदिवस जड जायला लागलं. पुढे सम्यक नोकरीला लागला आणि त्याचं खेळणं सुटलं. हिचं सुटलं नाही.

उंची तिची बेताचीच राहिली. बास्केटखाली उभं राहायचं काम उंच मुलींचं. त्यांच्यापर्यंत बॉल न्यायचा, कुणाला कधी द्यायचा हे ठरवायचं, ते काम गार्डचं. बुटक्या मुलीला बास्केटबॉलमध्ये एवढी एकच जागा असते, आणि प्रियंकाने ती जागा धरली ती दोन्ही हातांनी. अगदी खरोखरच दोन्ही हातांनी, कारण कुठल्याशा शिबिरात एक सर म्हणाले होते की डावा हात नसलेली गार्ड म्हणजे अर्धी गार्ड. त्या दिवसापासून हिने सगळं डाव्याने सुरू केलं. दात डाव्याने घासायचे, कडी डाव्याने काढायची, भाकरी डाव्याने मोडायची. शकुचा पारा चढायचा.

"डाव्या हाताने जेवतेस? चार माणसांत बसलीस तर काय म्हणतील?"

खंडू म्हणायचे, "खाऊ दे ना तिले. पोटात तर एकाच जागी जाते."

वर्ष गेलं त्यात. पण डावा हात तयार झाला. कॉलेजमध्ये पहिल्याच वर्षी ती संघात आली, आणि दुसऱ्या वर्षी सर तिला कॅप्टन करणार असं सगळ्या धरून चालल्या होत्या.

आणि त्याच दुसऱ्या वर्षी ही नमिता आली.

वेसावे कोळीवाड्यातली पोर. बाप तुळशीदास बोटीवर जाणारा, आई सरूबाई अंधेरीच्या मार्केटात मासळी विकायची. नमिता कधी वेळेवर यायची नाही. आईबरोबर पाटी उतरवून, केस ओलेच बांधून, धावत पळत यायची, सगळ्यांची क्षमा मागत हसायची आणि कोर्टवर उतरायची. आणि एकदा उतरली की काय व्हायचं कुणाला कळत नसे. खाली वाकून, चढाईला जावं तशी ती समोरच्या मुलीकडे बघत बघत जायची, आणि मग एकदम नसायचीच तिथे. पलीकडे गेलेली असायची.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती संघात आली. नाताळाच्या आत ती सुरुवातीच्या पाचांत होती. गार्डच्या जागी. सरांनी प्रियंकाला बाजूला घेतलं.

"प्रियंका, आपल्याला विचार टीमचा करायचाय. नमिता सुरुवात करेल, तू नंतर उतरायचंस. तू सिनियर आहेस, समजून घे."

"हो सर," प्रियंका म्हणाली.

समजून घे! ते दोन शब्द तिला घरी जाईपर्यंत चावत राहिले. समजून तिनेच का घ्यायचं? नमिताला कुणी कधी समजून घ्यायला सांगत नाही. ती उशिरा आली तरी सर हसतात. तिच्या अंगाला मासळीचा वास आला तर मुली तिच्या गळ्यात पडून "आज काय आणलंस गो?" विचारतात. डब्यातून ती जवळ्याची चटणी आणायची, आणि बेंचवर त्या चटणीभोवती सगळा संघ गोळा व्हायचा. प्रियंकाला ती चटणी मनापासून आवडली असती. म्हणूनच तिने कधी बोट लावलं नाही. "मला वास सहन होत नाही," असं खोटंच सांगून ती लांब बसायची आणि तोंडाला सुटलेलं पाणी गिळायची.

हे दुखणं घरात तरी येऊ नये, तर तेही आलं. एका रविवारी शकु मार्केटातून आली ती हसत हसतच.

"अगं, तुझ्या त्या नमिताची आई भेटली! मी नेहमी तिच्याकडूनच घेते, मला काय माहीत. बोलता बोलता निघालं. बघ, किती बोंबील वरून घातले. म्हणाली, माज्या नमिताची सोबतीण ना तुमची पोर, न्या गो बाय न्या. मुलगी पण तिथेच होती. किती गोड गं! मावशी मावशी करत पिशवी रिक्षापर्यंत घेऊन आली."

प्रियंकाने पिशवीकडे बघितलंही नाही.

"सारखी तुझंच कौतुक करत होती. म्हणाली, प्रियंकाने मला शिकवलं."

"मला नको बोंबील," प्रियंका म्हणाली आणि उठून गेली.

खंडूंनी पाठीमागून विचारलं, "काहून गं? तोंड काहून उतरलं?" ती त्यांना काय सांगणार? पोरगी वाईट असती, शिष्ट असती, पाठीमागे बोलणारी असती, तर बरं झालं असतं. तिचा राग करायला काही तरी धड कारण मिळालं असतं. नमिता ते कारणही देत नव्हती.

मग प्रियंकाने तिच्यात खोट शोधायला घेतली.

संघातली एक मुलगी सगळ्या मॅच मोबाइलवर शूट करायची आणि ग्रुपवर टाकायची. प्रियंका कॉलेजच्या कॅन्टीनच्या मागच्या पायऱ्यांवर बसून ते व्हिडिओ बघायची. फक्त नमिता. पुढे, मागे, थांबव, परत मागे. जितकं बघावं तितकी ती आणखी चांगली खेळताना दिसायची, पण बघितल्याशिवाय चैन पडायची नाही. आणि एक दिवस तिला दिसलं. नमिता कायम उजवीकडेच जाते. कबड्डीत ती उजव्या कोपऱ्यावर चढाई करणारी होती, ती सवय पायांत तशीच राहिली होती. निघण्याआधी डावी टाच जराशी उचलली जायची, आणि मग उजवीकडे झेप. डावीकडे कधीच नाही. डाव्या हाताने तिने आजवर एकही बास्केट केलेलं नव्हतं. वेगामुळे आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, एवढंच. सरांच्याही नाही.

प्रियंकाचा आनंद गगनात मावेना. खरं तर हे सरांना सांगायला हवं होतं. नमिताला तर सांगायलाच हवं होतं, त्यासाठीच तर संघ असतो. प्रियंकाने कुणालाच सांगितलं नाही. कपाटात लपवून ठेवलेल्या खाऊसारखी ती गोष्ट तिने स्वतःपुरती ठेवली, आणि नमिताने मॅच गाजवली की मनात म्हणायची, पण तुला डावीकडून येत नाही.

आंतरकॉलेज स्पर्धेची फायनल होती घाटकोपरच्या एका कॉलेजशी. त्यांची गार्ड मधुवंती. ती आणि प्रियंका शाळेत असताना उपनगर जिल्ह्याच्या शिबिरात एकत्र होत्या, तेव्हापासूनची मैत्री. फायनलच्या आदल्या आठवड्यात मधुवंतीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, आणि ती सहज म्हणाली, "ए, तुमची ती नवीन पोरगी काय आहे यार? आमचे सर म्हणतात तिला थांबवायचं कसं तेच कळत नाही."

"त्यात काय," प्रियंका म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "तिच्या उजव्या खांद्यावर उभी राहा. डावीकडून तिला काहीच येत नाही."

"खरंच?"

"मला काय विचारतेस? मीच शिकवलंय तिला."

फोन ठेवल्यावर तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. खूप दिवसांनी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, आणि त्या दिवशी ती पोटभर जेवली.

फायनलमध्ये तिने सांगितलं होतं तसंच झालं. मधुवंती नमिताच्या उजव्या खांद्याला चिकटून उभी राहिली. नमिता झेपावली की समोर भिंत. बॉल गेला. परत झेपावली, परत गेला. एकदा ती आपटलीच. गॅलरीतून घाटकोपरची मुलं हुर्यो करायला लागली. राजेश सर बाजूने ओरडून ओरडून दमले, आणि शेवटी त्यांनी वळून बघितलं.

"प्रियंका, उतर."

त्या दिवशी प्रियंका जी खेळली ती आयुष्यात परत तशी खेळली नाही असं तिचं तिलाच वाटतं. बॉल जणू तिच्या हाताला सुताने बांधलेला होता. पिछाडी भरून निघाली. डाव्या हाताने तिने एक असं बास्केट केलं की घाटकोपरच्याच पोरांनी टाळ्या वाजवल्या. शिट्टी झाली, शेवटच्या क्वार्टरआधीची विश्रांती. ती बेंचवर येऊन बसली तेव्हा नमिता पाण्याची बाटली घेऊन तिच्याजवळ सरकली.

"काय खेळतेस गो! मी तर आज मातीच खाल्ली." मग बाटलीचं झाकण लावत, "ती माझ्या उजवीकडेच उभी राहते. मी डावीकडून गेले तर?"

"तुला डावीकडून जमत नाही," प्रियंका म्हणाली.

"नाय जमत," नमिता म्हणाली. "पण तिला कुठे ठाऊक आहे?"

प्रियंकाने पाणी प्यायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

सरांनी प्रियंकाला दम घ्यायला बसवलं आणि नमिताला उतरवलं. पहिल्याच संधीला नमिता डावीकडे घुसली. मधुवंतीने तिला खुशाल जाऊ दिलं. डाव्या हाताने फेकलेला बॉल फळीच्या कडेला लागून भलतीकडेच उडाला. सरांनी कपाळावर हात मारला. प्रियंका बेंचवर बसून मनातल्या मनात म्हणत होती, परत कर, परत कर. नमिताने परत केलं. या वेळी बॉल रिंगवरून पलीकडे गेला. तिसऱ्यांदा तो रिंगवर फिरला, फिरला आणि आत पडला. वेडंवाकडं, धोब्याने कपडा आपटावा तसं फेकलेलं बास्केट. पण बास्केटच ते. मधुवंतीचा चेहरा बदलला. आता तिला दोन्हीकडे बघायला लागत होतं, आणि दोन्हीकडे बघणाऱ्या मुलीला नमिता कधीच सापडली नसती.

कॉलेज जिंकलं. मुलींनी नमिताला उचलून घेतलं. राजेश सर प्रियंकाच्या शेजारी उभे होते, डोळे पुसत म्हणाले, "जे शिकायला लोकांना वर्ष लागतं, ते या पोरीने चालू मॅचमध्ये उचललं."

प्रियंकाला ते वर्ष कसं लागतं हे माहीत होतं. घास घास डाव्या हाताने खाऊन काढलं होतं तिने. आणि फायनलच्या शेवटी काय झालं, तर तिच्याच चहाडीने नमिताला डावा हात दिला. हेवा तिला आधीही होता. पण आता जे पेटलं ते वेगळं होतं. या पोरीचं वाईट करायला जावं तर त्यातूनही तिचंच भलं होतं, मग माणसाने करावं तरी काय?

अजून व्हायचं बाकी होतंच. बक्षीस समारंभानंतर मधुवंती पाय आपटत आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "वा गं प्रियंका! म्हणे हिला डावीकडून येतच नाही! माझी वाट लावलीस तू."

नमिता चषक धरून तिथेच उभी होती.

मधुवंतीला आपण काय बोललो ते बोलून झाल्यावर कळलं, आणि ती पुटपुटत निघून गेली. नमिताने चषक शेजारच्या मुलीच्या हातात दिला, बॅग उचलली आणि बाहेर पडली.

त्यानंतर ती प्रॅक्टिसला आली नाही. मुली प्रियंकाशी बोलेनाशा झाल्या. राजेश सर बोलले, पण ते न बोलते तर बरं, असं. "मला तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती" असं काही ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "तुला दिसलं होतं, आणि मला दिसलं नव्हतं. ते मला सांगायचं सोडून..." आणि वाक्य अर्धंच ठेवून शिट्टी गळ्यात अडकवून निघून गेले.

आठवडा उलटल्यावर, प्रियंका एकटीच कोर्टवर शॉट मारत होती, तेव्हा नमिता आली. या वेळी हसत नव्हती. सरळ समोर येऊन उभी राहिली. प्रियंकाला वाटलं, आता ही मारणार. कोळणीची पोर, एक वाजवली तर बसेन मी खाली.

"अजून काय?" नमिता म्हणाली.

"म्हणजे?"

"अजून काय काय चुकतं माझं? तू व्हिडिओ बघत बसायचीस ना पायऱ्यांवर? मला मुलींनी सांगितलं. मला वाटलं, हिला माझा खेळ आवडतो." तिने खांद्यावरची बॅग खाली टाकली. "सरांना इतक्या दिवसांत नाय दिसलं ते तुला दिसलं. मग अजूनही दिसलं असेल. सांग."

"मी कशाला सांगू?"

"कारण त्या मधुवंतीला सांगितलंस. मला सांगायला काय झालं?"

प्रियंकाने बॉल दोन्ही हातांत घट्ट धरला. हिने रडावं, शिव्या द्याव्यात, सरांकडे तक्रार करावी. हे सगळं तिला चाललं असतं. पण ही उभी आहे ती अजून मागायला. जिला सगळंच मिळालंय, तिला अजून हवंय.

"तुझी टाच उचलली जाते," ती शेवटी तुसडेपणाने म्हणाली. "डावी. निघायच्या आधी. आंधळ्यालाही कळेल तू कुठे जाणार."

नमिताने खाली वाकून स्वतःच्या टाचेकडे बघितलं, जशी काही ती टाच दुसऱ्या कुणाची होती. "आयला," ती म्हणाली. "दाखव."

माफी प्रियंकाने मागितली नाही आणि नमिताने ती मागायला लावलीही नाही. त्या दोघी मैत्रिणी झाल्या असं म्हणणं खोटं होईल. पण त्या दिवसापासून प्रॅक्टिसमध्ये नमितासमोर प्रियंकाच उभी राहायला लागली. नमिताची एक खोड मोडली की प्रियंका दुसरी शोधायची. नमिता सुधारत गेली, आणि तिला अडवता अडवता प्रियंका अशी काही डिफेन्स खेळायला लागली की तिसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या निवडीत तिचंही नाव आलं. नमिता संघात, प्रियंका राखीव खेळाडूंत. शकुने दोघींना एकत्र जेवायला बोलावलं आणि नमिताला आधी वाढलं. प्रियंकाने ते बघितलं.

पुढे नमिताला खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत नोकरी लागली, वर्तमानपत्रात फोटो आला. प्रियंका बी.कॉम. होऊन अंधेरीतच एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये चिकटली आणि सकाळी जोगेश्वरीतल्या एका क्लबकडून खेळत राहिली. नमिता दर स्पर्धेनंतर व्हिडिओ पाठवायची. सोबत दोनच शब्द: "बघ, सांग." प्रियंका बघायची आणि सांगायची. आपण का सांगतो, हे तिने स्वतःला विचारलं नाही असं नाही. मी नाही सांगितलं तर ही दुसऱ्या कुणाला तरी विचारेल. नमिताच्या खेळातलं खोल असं काही तिच्याआधी दुसऱ्या कुणाला दिसावं, हे तिला सहन झालं नसतं. एवढा जीव तिने कुणाच्या खेळात घातला नव्हता, स्वतःच्यासुद्धा नाही.

दोन वर्षांमागे मुलुंडला खुली स्पर्धा झाली. क्लबची उपांत्य फेरीत गाठ पडली ती रेल्वेशीच. प्रियंकाने फोन केला. "मी समोर असणार आहे. या वेळी व्हिडिओ पाठवू नकोस."

"ये की," नमिता हसत म्हणाली. "बघू."

नमिता आता पास देताना फसवायला शिकली होती. बघायची एकीकडे, बॉल द्यायची दुसरीकडे. सगळा भारत त्याने फसत होता. प्रियंकाला मात्र वर्षभरापूर्वीच दिसलं होतं की ती दर वेळी बरोबर उलट्या बाजूला बघते. जिकडे नजर, त्याच्या विरुद्ध दिशेला पास. चुकून कधी नाही. एवढी एक गोष्ट प्रियंकाने सांगितली नव्हती.

नमिताचे डोळे डावीकडे गेले की प्रियंका उजवीकडे पोचलेली असायची. एक पास गेला, मग दुसरा, मग मोजायचंही कुणी सोडून दिलं. रेल्वे शेवटी जिंकली, कारण त्यांच्या बाकीच्या मुलीही भारताकडून खेळलेल्या होत्या. पण शेवटचा सगळा वेळ नमिता बेंचवर बसून होती, डोक्यावर टॉवेल घेऊन. प्रियंकाने खेळता खेळता तिच्याकडे बघितलं. आणि तिला आनंद झाला. भरपूर. त्यात कालवाकालव वगैरे काही नव्हती.

मॅच संपल्यावर नमिता तिच्यासमोर आली. "हे कधीपासून ठाऊक होतं तुला?"

"मागच्या वर्षापासून."

"आणि सांगितलं नाहीस?"

"नाही."

नमिताने टॉवेल खांद्यावर टाकला. मग म्हणाली, "हलकट," आणि बसमध्ये जाऊन बसली.

व्हिडिओ यायचे बंद झाले. प्रियंका ऑफिसात बसून मोबाइल उलटा ठेवायची, परत सुलटा करायची. सरूबाईकडून शकुच्या कानावर आलं की नमिता रजा टाकून पुण्याला कुठल्याशा मोठ्या कोचकडे जाऊन आली. "म्हणे फार हुशार माणूस आहे," शकु भाजी चिरता चिरता म्हणाली. प्रियंकाने हातातला पेला खाली आपटला. पुण्याचा कोच! त्याला काय माहीत ती पोरगी? त्याने तिचं पहिलं बास्केट तरी बघितलंय का?

पुढच्या रविवारी ती वेसाव्याला गेली. एवढ्या वर्षांत नमिताच्या घरी ती कधी गेली नव्हती. वाळत घातलेल्या जाळ्यांच्या मधून वाट काढत विचारत गेली, तर कोळीवाड्याच्या मागच्या मोकळ्या जागेत, खांबाला ठोकलेल्या रिंगखाली, नमिता एकटीच बॉल मारत होती. तिने प्रियंकाला बघितलं आणि खेळत राहिली.

"काय म्हणाला पुण्याचा कोच?" प्रियंकाने विचारलं.

"म्हणाला, दम वाढव."

"दम!" प्रियंका उसळली. "तुझा दम बरा आहे. गाढव आहे तो." तिने पुढे होऊन बॉल हिसकावला. "बघ इकडे. दर वेळी पूर्ण उलटं बघू नकोस. कधी बघशील तिकडेच दे. कधी कुठेच बघू नकोस. समोरच्या पोरीला ठरवू देऊ नकोस."

नमिता कमरेवर हात ठेवून उभी होती. "आणि पुढच्या मॅचला परत काही तरी लपवून ठेवशील."

"ठेवीन की."

"मग आता कशाला आलीस?"

प्रियंकाने बॉल तिच्या छातीवर फेकला. "पास दे. नुसती उभी राहू नकोस."

जवळच खेळणारी दोन पोरं पास घ्यायला दोन बाजूंना उभी करून त्या खेळायला लागल्या. ऊन चांगलंच चढलं. सरूबाई मधेच येऊन, "आदी जेवा गो," म्हणून गेली. सुरुवातीला नमिताचा प्रत्येक पास प्रियंकाच्या हातात येत होता. मग एक निसटला. मग दोन लागोपाठ. आणि जेवायला बसायच्या आतच असं झालं की नमिता बघते कुठे आणि देते कुठे, काही केल्या प्रियंकाला ओळखता येईना.

एवढ्यात जमलं हिला. प्रियंकाने घाम पुसला. नेहमीसारखाच हेवा वाटला, आणि तिच्या लक्षात आलं की हिच्या वेगाला आता आपले पाय थोडे कमी पडायला लागलेत. पुढे वर्षभरात तिने क्लबच्या मुलींना डिफेन्स शिकवायला घेतलं. खेळणं मात्र अजून सोडलेलं नाही.

"जमलं ना गो?" नमिताने हसत विचारलं. कितीतरी दिवसांनी हसली होती.

"नाही," प्रियंका म्हणाली. "परत कर."